खुर्चीतून उठण्याचे बळ

वाचकहो, पुढे वाचण्यापूर्वी एक लहानशी परीक्षा द्यावी, अशी विनंती आहे. हात नसलेली, टणक बैठकीची, साधारण दीड फूट उंचीची एक खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. तिच्यावर मध्यभागी बसा, पावले जमिनीवर सपाट टेकवा आणि दोन्ही हातांची छातीवर घडी घाला. घरातील कोणाला तरी घड्याळ घेऊन शेजारी उभे करा. आता ३० सेकंदांत पूर्ण उभे राहून पुन्हा बसणे किती वेळा जमते, ते मोजा. हातांचा आधार घ्यावाच लागला, तर गुण शून्य धरायचे. चक्कर येत असेल किंवा गुडघा सुजलेला असेल, तर ही परीक्षा आज नको.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने या परीक्षेसाठी वयानुसार आकडे ठरवलेले आहेत. ६५ ते ६९ या वयात पुरुषांनी किमान १२ वेळा आणि स्त्रियांनी ११ वेळा उठावे. ७५ ते ७९ या वयात अनुक्रमे ११ आणि १०. ८० ते ८४ या वयात १० आणि ९. त्याहून कमी भरल्यास पडण्याचा धोका वाढला आहे, असे समजतात. हे आकडे तिकडच्या लोकांचे आहेत, तेव्हा एखाद-दुसऱ्या गुणासाठी खट्टू होण्याचे कारण नाही. चार-पाचच भरले किंवा हात टेकल्याशिवाय उठताच आले नाही, तर मात्र पुढचा मजकूर सावकाश, शक्य तर घरच्यांना सोबत घेऊन वाचावा.

माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठांना स्वतःचा रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि कोलेस्टेरॉल तोंडपाठ असते. खुर्चीतून किती वेळा उठता येते, हा आकडा मात्र कोणालाच ठाऊक नसतो. वास्तविक म्हातारपणी आपण कोणावर अवलंबून राहणार की नाही, याचा निकाल बऱ्याच अंशी याच आकड्यात असतो. कमोडवरून स्वतःचे स्वतः उठणे, न्हाणीघराचा उंबरा ओलांडणे, रात्री दोन वाजता अंथरुणातून उठून दिव्याच्या बटणापर्यंत जाणे, एसटीच्या पहिल्या उंच पायरीवर पाय ठेवून स्वतःला वर ओढणे, ही सारी कामे मांडीच्या आणि नितंबाच्या स्नायूंची आहेत. ती एकेक करून सुटत जातात आणि प्रत्येक वेळी घरात एकच वाक्य उच्चारले जाते: ‘आता वय झाले.’

या वाक्यात दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. वयानुसार स्नायू झिजतात, हे खरेच. तिशी-चाळिशीपासूनच ही झीज हळूहळू सुरू होते आणि साठीनंतर तिचा वेग वाढतो. स्नायूंच्या आकारमानापेक्षा त्यांचे बळ अधिक झपाट्याने घटते. त्यातही झटकन आकुंचन पावणारे तंतू आधी क्षीण होतात. ठेच लागल्यावर पुढचा पाय पटकन टाकून शरीर सावरणे हे याच तंतूंचे काम असल्यामुळे, तरुणपणी जी केवळ ठेच असते, ती सत्तरीत खुब्याचा अस्थिभंग ठरू शकते. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ साली सुचवले. मूळ ग्रीक शब्दांत मांस आणि त्याची उणीव एवढाच अर्थ आहे. दुसरी गोष्ट म्हणजे वापर थांबल्यामुळे होणारी झीज. ती वयाच्या नावावर खपून जाते, पण ती आपल्या हातातली आहे.

वजनकाट्यावर यातले काहीच दिसत नाही. स्नायू गेला, त्याच्या जागी चरबी आली, काटा जिथल्या तिथे राहिला. आपल्या लोकांच्या बाबतीत हे अधिकच लक्षात ठेवायला हवे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवून दिले आहे, की भारतीय शरीर दिसायला सडपातळ असले, तरी त्यात चरबीचे प्रमाण अधिक आणि स्नायूंचे कमी असते, आणि ही प्रवृत्ती नवजात बालकांतही आढळते. म्हणजे स्नायूंची शिल्लक मुळातच थोडी. जेवणानंतर रक्तातली साखर साठवण्याचे सर्वांत मोठे कोठार स्नायू हेच असल्याने, मधुमेहींचे तर त्यात दुहेरी नुकसान आहे.

“पण डॉक्टर, मी रोज पाऊण तास चालतो,” हे उत्तर मला ठरलेले असते. चालणे उत्तम आहे. हृदयाला, साखरेला, झोपेला आणि बागेतल्या कट्ट्यावरच्या मैत्रीलाही. ते सोडू नका. मात्र स्नायूची रीत अशी, की त्याला सवयीपेक्षा अधिक काम मागितले तरच तो बळ वाढवतो. वर्षानुवर्षे त्याच सपाट रस्त्यावर, त्याच संथ चालीने चालताना मांडीकडून नवे असे काहीच मागितले जात नाही. म्हणून रोज तीन किलोमीटर चालणारे गृहस्थ खोल सोफ्यातून उठताना हात पुढे करतात, हे चित्र मी नेहमी पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी चालण्यासारख्या व्यायामाखेरीज, आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंचे बलवर्धक व्यायाम आणि किमान तीन दिवस तोल व बळ यांवर भर देणारे संमिश्र व्यायाम सांगितले आहेत.

या वयात बळ खरोखर वाढते का, ही शंका रास्त आहे. वैद्यकालाही ती होती. १९९० साली मारिया फियातारोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनमधील वृद्धांच्या एका निवासी संस्थेतील दहा जणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ९० होते. प्रकृती तोळामासा, एकाहून अधिक आजार जडलेले. त्यांना आठ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस, मांडीच्या स्नायूंचा वजनांसह व्यायाम दिला गेला. वजनेही लुटुपुटूची नव्हती. प्रत्येकाला जास्तीत जास्त जेवढे उचलता येई, त्याच्या ८० टक्क्यांपर्यंत नेली होती. नऊ जणांनी प्रयोग पूर्ण केला. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट झाले. मांडीच्या मध्यभागी स्नायूचे क्षेत्रफळ ९ टक्क्यांनी वाढले. दोघांची काठी सुटली.

दहा माणसे म्हणजे फार थोडी, असे कोणी म्हणेल. म्हणून त्याच गटाने १९९४ साली १०० निवासी वृद्धांचा मोठा अभ्यास केला. व्यायाम करणाऱ्यांचे बळ दहा आठवड्यांत दुपटीहून अधिक झाले, चालण्याचा वेग सुमारे १२ टक्क्यांनी वाढला. या अभ्यासातला दुसरा निष्कर्ष मला अधिक महत्त्वाचा वाटतो: व्यायामाविना नुसते पूरक पोषण दिलेल्या गटाला बळाच्या दृष्टीने काहीच लाभ झाला नाही. परदेशातून येणारा भाचा प्रथिनांच्या भुकटीचा भला मोठा डबा आणतो आणि मामा तो दुधातून निष्ठेने घेतात. डब्याने बळ येत नाही, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्या घरांतून हा व्यायाम कसा निघून गेला, तेही पाहण्यासारखे आहे. जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, विहिरीचे पाणी, पाटावरची पंगत, उकिडवे बसून करायची शेकडो कामे. त्या कष्टांचे गोडवे गाण्याची मला इच्छा नाही; त्यांत बायकांच्या कमरा मोडल्या आणि त्याची गणती कोणी ठेवली नाही. पण दिवसातून पंचवीस-तीस वेळा जमिनीवरून उठणे त्या जगण्यातच होते. कोल्हापूरच्या तालमींत बैठका निघत, त्या मात्र तरुणांच्या आणि पुरुषांच्या. आजोबांना आणि आजींना तिथे कोण विचारणार? पुढे गॅसचा ओटा आला, जेवणाचे टेबल आले, पलंग आला, कमोड आला. घरातली प्रत्येक गोष्ट जमिनीपासून दोन फूट वर उचलली गेली आणि मांडीचे काम संपले. दुखऱ्या गुडघ्यांना ही सोय हवीच होती. तेव्हा आता सोय ठेवून व्यायाम मुद्दाम करावा लागेल, इतकेच.

त्याची सुरुवात खुर्चीनेच करावी. वर सांगितलेली खुर्ची घ्या. हातांशिवाय उठता येत नसेल, तर बैठकीवर एक किंवा दोन घट्ट उशा ठेवून उंची वाढवा. पावले थोडी मागे, गुडघ्यांच्या किंचित आत घ्या, छाती पुढे झुकवा आणि उठा. उठताना श्वास सोडा. बसताना मात्र धपकन बसू नये. मनात चार आकडे मोजत, जणू खाली कोणी अंडे ठेवले आहे अशा बेताने टेका. सावकाश खाली येण्यातच स्नायूची निम्मी मेहनत आहे. असे आठ ते बारा वेळा करा, दोन-तीन मिनिटे थांबा, आणि जमल्यास आणखी एक आवर्तन करा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत, पण मध्ये एक दिवस विश्रांतीचा हवा.

वजन किती, आवर्तने किती, हे सारे विचारतात; पुढे वाढवायचे कसे, हे फारसे कोणी विचारत नाही. खरे मर्म तिथे आहे. कसोटी सोपी आहे: शेवटच्या दोन वेळा कष्ट पडले पाहिजेत, मात्र ‘आणखी एक-दोनदा कसेबसे जमले असते’ एवढी शिल्लक उरावी. बारा वेळा सहज जमू लागले, की एक उशी काढा. ती जमली की दुसरी. त्यानंतर पाठीवरच्या पिशवीत दोन किलो तांदूळ घ्या, मग तीन. वजन वाढवल्यावर आकडा पुन्हा आठवर येईल, येऊ द्या. भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये, दूधवाल्याचा हिशेब लिहितो त्याच चौकोनात, त्या दिवशीचा आकडा टिपून ठेवावा. पहिले तीन-चार आठवडे जी वाढ दिसते ती बहुतांशी मज्जासंस्थेने स्नायू नीट वापरायला शिकल्याची असते. स्नायू प्रत्यक्ष भरायला त्याहून अधिक काळ लागतो. म्हणून महिन्याभरात मांडी जाड झाली नाही, म्हणून सोडून देऊ नये.

बाकीचे व्यायाम थोडक्यात. स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात टेकून टाचा उचलणे; पोटऱ्या बळकट होतात आणि चहा उकळेपर्यंत एक आवर्तन होऊन जाते. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहून तळवे भिंतीला टेकवून काढलेले जोर. खांदे आणि दंड यांसाठी. खिडकीच्या मजबूत गजाला रबरी पट्टा अडकवून तो पोटाकडे ओढणे, पाठीसाठी. जिन्याच्या खालच्या पायरीवर कठडा धरून एकेका पायाने चढणे-उतरणे. पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली म्हणजे एक किलोचे डंबेल, हे सांगायला नकोच. तोलासाठी ओट्यालगत उभे राहून एक पाय उचलणे. दहा सेकंद जमले तर हात ओट्यावरून एका बोटापर्यंत कमी करणे. या वेळी घरात कोणीतरी असावे, पायांत गुळगुळीत सपाता नसाव्यात आणि फरशी ओली नसावी.

आता भीतीविषयी. सर्वांत मोठी भीती गुडघ्यांची. गुडघ्याची झीज झालेल्यांना वाटते, व्यायामाने उरलासुरला सांधाही झिजेल. अनुभव आणि संशोधन दोन्ही उलट सांगतात: मांडीचा पुढचा स्नायू बळकट झाला, तर गुडघ्यावरचा ताण आणि दुखणे कमी होते. उंच खुर्चीपासून सुरुवात करा. व्यायामानंतर एक-दोन दिवस मांडी भरून येणे स्वाभाविक आहे. सांधा दुसऱ्या दिवशी सुजला किंवा रात्री ठणकला, तर तेवढे काम जास्त झाले असे समजून निम्म्यावर या.

हृदयविकार, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे म्हणून हा व्यायाम वर्ज्य होत नाही. आजार आटोक्यात हवा आणि सुरुवातीपूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारलेले हवे. छातीत अलीकडे दुखले असेल, रक्तदाब १८० वर ११० च्या घरात असेल, मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यात रक्तस्राव झाला असेल, हर्निया असेल किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर परवानगीवाचून आरंभ करू नये. श्वास कोंडून जोर लावू नका; त्याने रक्तदाब एकाएकी चढतो. मोठ्याने आकडे मोजावेत, म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायाम टाळावा आणि साखरेचे दोन खडे खिशात ठेवावेत. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे उभे राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते. तसे होत असल्यास आधी गोळ्यांची वेळ आणि मात्रा तपासून घ्या. मणक्याचे हाड ठिसूळपणामुळे दबलेले असेल, तर कमरेत खोल वाकण्याचे व्यायाम नकोत. त्यामुळे सूर्यनमस्कारही सर्वांना सरसकट चालतीलच असे नाही. जिथे शंका असेल, तिथे फिजिओथेरपिस्टकडे दोन-तीन भेटींचा खर्च वाया जात नाही.

आहाराचा भाग लहान आहे, पण आपल्याकडे तो हमखास दुर्लक्षित राहतो. प्रौढांसाठी भारतात वजनाच्या प्रत्येक किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस आहे. वृद्धांसाठी अनेक तज्ज्ञ १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. ५५ किलो वजनाच्या आजींना म्हणजे ५५ ते ६६ ग्रॅम. त्यांचे ताट पाहू. सकाळी चहा-खारी, दुपारी दोन पोळ्या, भाजी, थोडा भात, पातळ वरण, संध्याकाळी ‘हलके’ म्हणून खिचडी किंवा दूधभात. मोठ्या उदारपणे मोजले, तरी बेरीज तीस-पस्तीस ग्रॅमच्या पुढे फारशी जात नाही. वरण घट्ट करा, मटकी-मुगाची उसळ मऊ शिजवून रोज द्या, दोन्ही जेवणांत दही ठेवा, पिठले करा, चालत असेल त्यांना अंडे किंवा मासे द्या. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात, मूठभर शेंगदाण्यांत सुमारे सात. साबुदाण्यात जवळजवळ काहीच नसते, हे आठवड्यातून दोन-तीन उपवास करणाऱ्यांनी जाणून असावे. दाण्याचा कूट, दूध, दही आणि राजगिरा उपवासालाही चालतात. आजी उसळ टाळत असतील, तर आधी कवळी नीट बसते का ते पाहावे. मूत्रपिंडाचा आजार असल्यास मात्र प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे.

घरातील मुला-सुनांनो, आता थोडे तुमच्याशी. एक आजी, वय ७६. आजोबा गेल्यावर गावाकडून मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आल्या. मुलगा-सून दोघेही मायाळू. “आई, तुम्ही बसा, मी आणते,” हे त्या घरातले नेहमीचे वाक्य. दोन वर्षांनी मुलगा माझ्याकडे आला, तो कमोडशेजारी बसवायच्या दांड्याविषयी आणि दिवसभराच्या बाईविषयी विचारायला. कारण आईला आता उठवावे लागत होते. तपासण्यांत बोट ठेवावे असे काही निघाले नाही. दोन वर्षे त्या जवळजवळ काहीच न करता बसून होत्या, एवढाच इतिहास. दांडा बसवायला मी सांगितलेच, तो हवाच. सोबत खुर्ची आणि दोन उशा. आजी आधी रुसल्या. एवढे आयुष्य राबल्यावर आता डॉक्टर कवायत करायला लावतात, म्हणाल्या. सुनेची अडचण निराळी होती. सासूबाईंना भाजी निवडून ती उचलून ठेवायला सांगितली, तर नणंद काय म्हणेल, शेजारी काय म्हणतील?

ही अडचण खरी आहे. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाने बसून घेणे हा त्याचा मान समजला जातो आणि त्याला उठवणे हा घरच्यांचा अपराध. म्हणून मी चिठ्ठीवरच लिहून दिले: रोज दोन वेळा स्वतःचा चहा स्वतः ओट्यापर्यंत जाऊन घेणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या उभ्याने घालून कपाटात ठेवणे, दिवसाआड खुर्चीचा व्यायाम दोन आवर्तने. डॉक्टरांच्या चिठ्ठीपुढे नणंदेचे काही चालत नाही. सुमारे तीन महिन्यांनी दोन्ही उशा निघाल्या. पुढच्या चैत्रात गावच्या जत्रेला त्या मुलाबरोबर एसटीने जाऊन आल्या. पहिली पायरी कठडा धरून, पण स्वतः चढल्या. दिवसभराची बाई ठेवावी लागली नाही. सर्वांच्या बाबतीत असेच होईल, असे मी म्हणणार नाही. पार्किन्सन, पक्षाघात किंवा स्मृतिभ्रंश असेल, तर गती संथ असते आणि सोबत माणूस लागतेच. तरी तिथेही, आधार देताना काखेत हात घालून ओढून उठवण्यापूर्वी दहा सेकंद थांबावे आणि त्यांना स्वतःचे बळ लावू द्यावे.

सर्वांत जपण्याची वेळ म्हणजे आजारपण. निरोगी ज्येष्ठांना केवळ दहा दिवस अंथरुणात झोपवून ठेवले असता पायांतले सुमारे एक किलो मांस घटल्याचे २००७ सालच्या एका अमेरिकी प्रयोगात दिसले. आजारी माणसाचे त्याहून अधिक जाणार. रुग्णालयात भरती झाल्यावर दुसऱ्या दिवशीच उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, “यांना खुर्चीत केव्हा बसवायचे? शौचालयापर्यंत केव्हा चालवायचे?” आणि परवानगी मिळताच तसे करा. घरी आल्यावर ताप असेपर्यंत, धाप लागत असेपर्यंत व्यायाम नको. ताप उतरून अन्न जाऊ लागले, की डॉक्टरांना विचारून दोन उशा पुन्हा खुर्चीवर ठेवाव्यात, शेजारी उभे राहावे आणि पहिल्या दिवशी पाचच वेळा उठवावे.